काठावरचा हात

बडोदा
६ ऑक्टोबर २०२४

गैबीचाचा,

आठवड्यात चार वेळा फोन केला. चारही वेळा तुमच्या सूनबाईंनी, सुहानानं, उचलला आणि चारही वेळा तेच सांगितलं, आबा फोनवर येत नाहीत. घरात आहेत, जेवताहेत, मांजराला दूध घालताहेत, पण फोनवर येत नाहीत. एवढा राग? दहा वर्षांपूर्वी बाबांनी एकदा बोटीची मोटार पुण्याच्या मेकॅनिककडे पाठवली, तो राग तुम्ही बाबा गेल्यावरही धरून बसलात? बसा. मी पत्र लिहिते. कागद तरी हातात घ्यावाच लागेल.

काम सांगते. जानेवारीत बाबांना जाऊन वर्ष होईल. आदर्शनं श्राद्धाचे गुरुजी ठरवले, आचारी ठरवला आणि हात झटकले. मला तेवढं पुरत नाही. बाबांचं निम्मं आयुष्य शिरोलीच्या कारखान्यात गेलं आणि निम्मं त्या लाल शर्यतीच्या बोटीत. शहाऐंशी साली परदेशातून आणलेली ती बोट आणि मागची सहा सिलिंडरची मोटार, दोन्ही कारखान्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून आहेत. वर्षश्राद्धाच्या आदल्या रविवारी ती धरणाच्या फुगवट्यावर एकदा पूर्ण वेगानं पळाली पाहिजे. बाबांना दुसरं काही पोचणार नाही.

मी ती पळताना एकदाही पाहिलेली नाही. मुलींनी धरणावर यायचं नाही, हा घरचा कायदा होता. मला पाचगणीला हॉस्टेलवर घातलं आणि बोट शिकवली धाकट्याला. म्हणून चालवेल आदर्शच. तो आतापासूनच कुरकुरतोय. म्हणतो, ताई, बोट विकून टाकू. मी त्याला सांगितलं, आधी चालव, मग काय विकायचं ते विक.

तुम्ही मोटार ट्यून करणार की नाही, एका ओळीत कळवा.

संयोगिता

•

उद्यमनगर, कोल्हापूर
१७ ऑक्टोबर

संयोगिता पोरी,

एका ओळीत कळवा म्हणतीस. बापावर गेलीस. करतो. ही झाली एक ओळ.

आता बाकीचं ऐक. राग बिग काय न्हाय. विजयसिंह साहेबांवर रागवायला मी कोण लागून गेलोय? पुण्याच्या त्या शहाण्यानं मोटार बिघडवून दिली ती शेवटी माझ्याच दारात आली की. माझा राग तवाच फिटला. फोनचं म्हणशील तर ते यंत्रच मला सोसत न्हाय, कानात माशी शिरल्यागत करतंय. बोलायचं ते समोर बसून, न्हायतर कागदावर. एवढंच कारण हाय, त्यात आणि काय हुडकत बसू नको.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी शिरोलीला गेलतो. ताडपत्री उचलली तर उंदरांनी आत संसार मांडलेला. बोटीला काय धाड भरली न्हाय, नुसती धूळ. मोटारीचं मात्र हाल हायत. पाणी ओढायच्या पंपाचा रबरी पंखा वाळून भाकरीच्या पापुद्र्यागत झालाय. कार्बोरेटर डिंकागत चिकटल्यात. मी तिथंच खाली बसलो आन् साहेबांच्या नावानं थोडं रडून घेतलं. मग दोन माणसं बोलवून मोटार टेम्पोत घातली आन् माझ्या शेडात आणली.

तू ही बोट पळताना बगितली न्हाईस म्हणून सांगतो. ही साधी होडी न्हाय. खाली दोन पाय हायत, मधी बोगदा. वेग घेतला की त्या बोगद्यातनं वारा शिरतोय आन् आख्खी बोट उचलतोय. पाण्यात ऱ्हातंय ते फकस्त मोटारीचं पातं. त्या टायमाला मोटार गुणात असली तर माणूस स्वर्गात, आन् बिघडली तर सावरायला जागाच नसती. म्हणून साहेब दुसऱ्या कुणाला तिला हात लावू देत नव्हते. अडतीस वर्सं मीच लावतोय.

आदर्शला म्हणावं, ये की शेडात. च्या पाजतो.

गैबी जमादार

•

बडोदा
१० नोव्हेंबर २०२४

गैबीचाचा,

दिवाळीचा फराळ सुहानाच्या नावानं पाठवलाय. चिवडा तिखट आहे, तुम्हाला चालेल.

गेल्या रविवारी तिच्याशी फोनवर बराच वेळ बोलणं झालं. चांगली मुलगी आहे, तुमची फार काळजी घेते. तुम्हाला फोनवर बोलवा म्हणून मी आता तिला छळणार नाही. पत्रंच बरी. पहिल्या पत्रात जे तिरकस लिहिलं ते विसरा. काम तुमच्या हातांचं आहे आणि हात शाबूत आहेत, मला एवढं पुरे.

जेटचा संच मागवून कुरिअर केलाय. तुम्ही सुहानाकरवी कळवलेले नंबर दुकानदाराला तीनदा वाचून दाखवले.

आदर्शचं रडगाणं चालूच आहे. आता म्हणतो छातीत धडधडतं. चाचा, तो लहानपणापासून असाच. आमच्या मळ्यातल्या विहिरीत उडी मारायला चार वेळा काठावर जायचा आणि चार वेळा मागं फिरायचा. पाचव्या वेळी मी ढकलला की मग मजेत पोहायचा. तो तुमच्याकडे येईल आणि काहीतरी खुसपट काढायला बघेल. त्याला मागं फिरायला निमित्त देऊ नका, एवढी विनंती.

संयोगिता

•

उद्यमनगर
२ डिसेंबर

पोरी,

मोटार बोलली.

काल दुपारी पाण्याच्या हौदात उभी करून सुरू केली. पयल्यांदा खोकली, मग निळा धूर सोडला, आन् मग सहाच्या सहा सिलिंडर एका लायनीत. शेजारच्या मोल्डिंगच्या कारखान्यातली पोरं काम टाकून पळत आली. जेट तू धाडलेलंच बसवलंतं. जेट म्हंजे पेट्रोल सोडायचं पितळी बोंड, मधी केसाएवढं भोक. सगळा खेळ त्या भोकाचा हाय. भोक बारीक पडलं तर मोटारीला पेट्रोल कमी मिळतंय, ती तापती आन् आतनं फुटाणं भाजल्यागत तडतडती. ती तडतड आली की आठ-दहा सेकंदात पिस्टन गेलाच म्हणून समज.

म्हातारपणी मी एक नवीन शिकलोय. लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनावर, मूठ दातात. सगळं कळतंय, कुठला सिलिंडर काय म्हणतोय ते. कानापरास बरं. पोरं हसत्यात, हसू देत.

आदर्श आलता. शनवारी, एकटाच. स्टुलावर बसला, दोन कप च्या प्याला, मांजर मांडीवर घेतलं. तासभर बोलतच हुता. त्याची बायको तेजस्वी नको म्हणती म्हणाला. मग उठता उठता माझ्या तोंडाकडं बगून म्हणाला, "चाचा, तुम्ही नको म्हणालात तर ताई ऐकेल. तुम्ही सांगा, करू का नको?"

मी म्हटलं, "भिऊ नको. मी काठावर हाय की."

तो हसला आन् गेला. बापाचंच हसणं हाय त्याचं.

गैबी

•

बडोदा
२८ डिसेंबर २०२४

चाचा,

रविवार, १२ जानेवारी. सकाळी आठ. मी दहा तारखेलाच कोल्हापूरला पोचतेय. तुम्ही आदर्शला जे म्हणालात त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. आता तो मागं फिरणार नाही.

संयोगिता

•

बडोदा
९ फेब्रुवारी २०२५

गैबीचाचा,

परत येऊन आठ दिवस झाले. घरात कुणी माझ्याशी मोठ्यानं बोलत नाही. आदर्शला जाऊन चार आठवडे झाले आणि मी अजून त्याच्या नंबरवर सकाळचा मेसेज टाकायला जाते.

तुम्ही तिथं होतात, सगळं पाहिलंत, तरी मला ते कुणाला तरी लिहायचंय. इथं कुणाला सांगू? यांनी बोट कधी पाहिलेली नाही.

तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही. आदल्या रात्री जेवताना आदर्श म्हणाला, ताई, हे नको, मला बरं वाटत नाही. मी ताटावरून उठले आणि तेजस्वीच्या देखत त्याला म्हणाले, "भित्रा आहेस तू. बाबांच्या पोटी असला कसा निपजलास?" त्यानं पानातला भात संपवला आणि झोपायला गेला.

सकाळी दोन फेऱ्या त्यानं हळू मारल्या. मग तुम्ही हात वर केलात आणि तो सुटला. मी तुमच्या शेजारीच उभी होते. इतकं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, चाचा. बोट आमच्यासमोर आली तेव्हा त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तुम्ही हात तसाच वर धरून त्याला दुवा देत होतात. पुढे गेल्यावर मोटारीचा आवाज बदलला, फुटाणे भाजल्यासारखा तडतडू लागला. मला वाटलं आणखी वेग वाढवला असेल. त्यानं पुन्हा माझ्याकडे वळून पाहिलं. हेल्मेट होतं, पण मान सरळ माझ्याकडे होती. आणि त्यानं वेग कमी केला नाही. मग आवाज एकदम बंद झाला, बोट आडवी फिरली आणि उलटली. होडीवाल्यांनी बाहेर काढलं तेव्हा मान मोडलेली होती.

पंचनाम्यात लिहिलंय, चालकानं वेग आटोक्यात ठेवला नाही. बरोबर आहे. त्यानं ठेवला नाही, कारण मी त्याला भित्रा म्हणाले होते. दोनदा वळून मला दाखवलं, बघ, आहे का भित्रा? तेजस्वीलाही तसंच वाटतं. चौदाव्या दिवशी ती सगळ्यांसमोर मला म्हणाली की बोटीनं नाही, तुमच्या शब्दानं मारला त्याला. मग मुलीला घेऊन इचलकरंजीला माहेरी निघून गेली.

तुम्ही माझ्या शेजारी होतात. तो माझ्याकडेच पाहत होता ना? खरं सांगा.

संयोगिता

•

उद्यमनगर
२० फेब्रुवारी

पोरी,

त्यानं मुद्दाम केलं न्हाय. एवढं माझ्याकडनं लिहून घे आन् तेजस्वीला बी सांग. इंजिन जुनं हुतं. जुनं इंजिन कवा दगा देईल सांगता येत न्हाय.

एक विचारतो, राग मानू नको. आवाज बदलला म्हणतीस, फुटाण्यागत. खरंच तसा आलता? आन् आवाज बदलल्यापास्नं बंद हुईपतुर किती टाइम गेला? नीट आठवून लिही.

गैबी

•

बडोदा
३ मार्च २०२५

गैबीचाचा,

माझा भाऊ गेला आणि तुम्हाला अजून इंजिनाचं पडलंय. वाचून आधी पत्र फेकून दिलं. मग म्हटलं, ज्याचा त्याचा जीव ज्याच्या त्याच्या ठिकाणी.

हो, तसाच आला होता. कुणालाही कळेल असा. आणि किती वेळ म्हणाल तर अकरा. बारा नाही, अकराच. रोज मोजते, एकापासून अकरापर्यंत, आणि प्रत्येक आकड्याला वाटतं, आता सोडेल, आता वेग सोडेल. सोडत नाही.

तुमचं "मुद्दाम केलं न्हाय" मला नकोय. असं सगळेच म्हणतात. माझे यजमान म्हणतात, भटजी म्हणाले, वरच्या मजल्यावरच्या शहाबाई सुद्धा म्हणाल्या, ज्यांनी आदर्शला कधी पाहिलेलंच नाही. तुम्हाला कसं माहीत ते सांगता येत असेल तर लिहा, नाहीतर लिहू नका. मला धीर नको. धीरानं माझं काही होत नाही, उलट रात्री जास्त जड जातात. तेजस्वी फोन उचलत नाही. मुलीचा सहावा वाढदिवस झाला, मी पाठवलेला फ्रॉक जसाच्या तसा परत आला.

संयोगिता

•

उद्यमनगर
१९ मार्च २०२५

संयोगिता,

तुझं पत्र बारा दिवस उशीखाली ठेवलंतं. रोजं चालल्यात. रोजा धरून खोटं लिहायला पेन उचलत न्हाय, आन् खरं लिहायला हात धजत नव्हता. आज लिहितो. एका दमात वाच.

मला ऐकू येत न्हाय.

फोनची माशी बिशी सगळं झूट. आज सात वर्सं झाली. पयला उजवा कान गेला, मग डावा. जन्मभर त्या मोटारींच्या शेजारी उभा ऱ्हायलो, त्यांनीच खाल्लं. समोरचा माणूस बोलतो तवा मी ओठ बगतो. दाढीमिशीचा असला तर नुसता मान हलवतो. घरात सुहानाला तेवढं ठावं, तिला कुराणाची शपथ घातली हुती कुणाला बोलायचं न्हाय म्हणून. गैबीचा कान म्हणून उद्यमनगरात नाव हाय माझं. कान गेला म्हटल्यावर दारात कोण कुत्रं तरी आलं असतं का? स्क्रू ड्रायव्हर दातात धरायचं त्यापायीच शिकलो. दातानं हाडात ऐकू येतंय. शेडात भागलं त्याच्यावर. तुला थोरपणानं लिहिलंतं, कानापरास बरं म्हणून. लाज वाटती.

आता हाताचं सांगतो. तू कधी धरणावर आली न्हाईस म्हणून तुला ते ठावं न्हाय.

पयल्या वर्सी बोटीत घड्याळं हुती, तापमानाचं, वेगाचं. पाण्याच्या हादऱ्यानं ती कवा खरं दाखवायची, कवा खोटं. एकदा पिस्टन जळाला आन् साहेब वाचले ते नशिबानं. तवा साहेबांनी घड्याळं काढून फेकली आन् कायदा केला. बोटीत बसणाऱ्याच्या डोक्याच्या मागंच मोटार किंचाळती, त्याला बारीक आवाज कळत न्हाय. काठावर कळतोय. म्हणून गैबी काठावर उभा ऱ्हाणार, हात वर धरून. हात वर हाय तवर खुशाल पळव. तडतड कानावर आली की गैबी हात खाली टाकणार. हात पडला की वेगाच्या पट्टीवरनं पाय उचलायचा, मागंम्होरं बगायचं न्हाय. माझा कान शाबूत हुता तवर, तीस वर्सं, साहेब माझा हात बगत पळाले. आदर्शला बी त्यांनी तेच शिकवलं. पाण्यात देवाकडं बगू नको, गैबीच्या हाताकडं बग, म्हणायचे.

तो तुझ्याकडं बगत नव्हता. माझ्या हाताकडं बगत हुता.

पयल्यांदा बगितलं, हात वर. मग त्याला पाठीमागं कायतरी येगळं लागलं असणार, म्हणून पुन्हा बगितलं. हात वरच. गैबीचाचा सांगतोय म्हंजे बरोबर असणार, म्हणून पोरानं पाय उचलला न्हाय. तुझ्या कानाला कळलं, सगळ्या काठाला कळलं. अकरा आकडं म्हणतीस. मी अकराच्या अकरा हात वर धरून उभा हुतो, मागं उडणारं पाणी बगत, मनात म्हणत, काय पळतंय पोरगं.

चूक बी माझीच. जेट दुपारच्या उन्हात बसवलंतं. जानेवारीतली सकाळची हवा गार, जड. त्या हवेला मोठं भोक लागतंय, हे पोराटकीला बी कळतंय. एरवी मी पयल्या फेरीला कानानं ओळखून काठावरच जेट बदलायचो. त्या दिवशी दात लावून बगितलं, हळू चालीत सगळं ठीक वाटलं. पूर्ण चालीत इंजिनाला दात लावायला मी बोटीत नव्हतो.

पोलिसांनी मोटार परत दिल्यावर उघडली. दोन नंबरच्या पिस्टनला आरपार भोक. मी मनाची समजूत घातली हुती की एकदम गेला असंल, आवाज आलाच नसंल. म्हणून तुला इचारलं किती टाइम. तू आकडा लिहिलास.

भिऊ नको, मी काठावर हाय की. हे मीच त्याला म्हणालो. तू भित्रा म्हणालीस ते घरातलं बोलणं हुतं, भाऊ-भैणीतलं. त्यानं तो मेला न्हाय. माझ्यानं मेला. हे पत्र तेजस्वीला दाव. जबाब द्यायला लागला तर देतो.

गैबी

•

बडोदा
८ एप्रिल २०२५

गैबीचाचा,

ईद झाली असेल. मुबारक म्हणायला मन होत नाही.

तुमचं पत्र घेऊन मी इचलकरंजीला गेले. तेजस्वीनं दार उघडलं आणि उघडंच टाकून आत गेली. शेजारी मागांचा खडखडाट, खिडक्या लावून घेतल्या तेव्हा कुठं बोलता आलं. मी पत्र तिच्या हातात दिलं. तिनं उभ्यानं वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. नंतर तिनं एकच विचारलं.

"ताई, त्यांना ऐकू येत नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

मी नाही म्हणाले.

चाचा, मला माहीत होतं. सुहानानं तुमची शपथ दिवाळीतच मोडली होती. मी तिला फोनवर इतकं टोचून बोलले, तुमच्या आबांना माज आलाय म्हणाले, की ती रडायला लागली आणि तिनं सांगून टाकलं. आबांना कळू देऊ नका म्हणाली. मी विचारलं, कामाला अडतं का? तिनं ते स्क्रू ड्रायव्हर दातात धरण्याचं सांगितलं. मला त्याचं कौतुक वाटलं. हाताचा कायदा मला माहीत नव्हता, हे खरं. पण आदर्शला माहीत होता. मी त्याला नुसतं सांगितलं असतं, अरे, गैबीचाचांना ऐकू येत नाही, तर तो त्या बोटीत पायही ठेवता ना. आणि मी त्याला सांगितलं नाही ते ह्याच एका कारणानं. तो निमित्त शोधत होता. मी त्याला ते मिळू दिलं नाही.

तुम्ही ते पत्र माझं ओझं उतरवायला लिहिलंत. वाचून पहिल्या क्षणी मला खरंच सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या क्षणी दिवाळीतला तो फोन आठवला.

मी नाही म्हणाले आणि तेजस्वी माझ्या मांडीवर कोसळली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मला ताई म्हणाली, माफ करा म्हणाली, मी तुम्हाला नाही नाही ते बोलले म्हणाली. मग तुम्हाला शिव्याशाप देत राहिली, तुमचे हात झडोत म्हणाली. आणि मी तिच्या केसांतून हात फिरवत बसले. मुलगी आतून आली आणि माझ्या कुशीत शिरली. तिथून मला उठवेना. मे महिन्यात दोघी बडोद्याला माझ्याकडे येणार आहेत, तिकिटं काढून झाली.

तिला मी कधी सांगू शकेन असं वाटत नाही. एका माणसाला तरी खरं माहीत असावं म्हणून तुम्हाला लिहिलं. हे वाचून फाडून टाका.

संयोगिता

•

उद्यमनगर
१६ एप्रिल २०२५

संयोगिता,

पत्र पोचलं. सुहानाला इचारलं. ती रडली आन् कबूल झाली. तिला मी काय बोललो न्हाय. शपथ घालणाराच मी, मी कुठल्या तोंडानं बोलू?

काल ठाण्यात जाऊन जबाब दिला. सुहाना बरोबर हुती, फौजदार बोलले ते तिनं मला पाटीवर लिहून दावलं. ऐकू येत न्हाय हे लिहून घ्या म्हटलं, हात वर धरला ते बी लिहून घ्या म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. पुढं काय व्हायचं ते हुईल. शेडाला कुलूप घातलंय, किल्ली मालकाला दिली. तेजस्वीनं माझं हात झडोत म्हटलं ते बरोबर हाय, मी तिच्यावर नाराज न्हाय.

पण तू फाडून टाक म्हणतीस ते माझ्यानं हुत न्हाय. सात वर्सं मी झाकलं तवा काय झालं ते बगितलंस. तुला वाटतंय त्या पोरीचं डोकं मांडीवर हाय तवर सगळं निभावलं. उद्या तिला दुसऱ्या कुणाकडनं कळलं तर? सुहानाला ठावं हाय, मला ठावं हाय. ती पोरगी नवऱ्याला मुकली हाय. तिला कुणाच्या मांडीवर डोकं ठेवायचं हे तिचं तिला ठरवू दे की. तू न्हाय ठरवायचं. तू लई ठरवतीस, पोरी, लहानपणापास्नं.

तिला मी कळवणार न्हाय. माझं मी सांगितलं, तुझं तू सांगायचं.

तुझं आठ तारखेचं पत्र ह्याच्यासंगं परत धाडतोय. दुसऱ्या पाकिटात घातलंय. पाकिटावर सुहानाकडनं तेजस्वीचा इचलकरंजीचा पत्ता लिहून घेतलाय आन् तिकीट चिकटवलंय. तोंड उघडंच ठेवलंय, आणि कायबाय लिहावंसं वाटलं तर लिही. मग थुंकी लावून बंद कर आन् पेटीत टाक.

गैबी